तीस ओहोटींचा हंगाम

पत्र थोडक्यात असं :

‘मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा ढिवर, गावच्या मालगुजारी तलावावर मासेमारी करतात. डिसेंबर ते फेब्रुवारी रत्नागिरीच्या बाजूला एका किनारी अभ्यास केंद्रात प्रकल्प करायला माझी निवड झाली आहे. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तलावात पोहता येतं. सोबतच्या मुली मुंबईच्या आहेत, त्यांच्यापुढे मी मागे पडेन असं वाटतं. “खडकाळ किनाऱ्यावरील जैवविविधता” असा विषय लिहून पाठवला आहे. तीन महिने पुरतील ना? काय शिकून जाऊ, काय घेऊन जाऊ? माय म्हणते, “आपल्या बोडीत का मासोळ्या कमी हायेत, दर्यावर कायले जातेस?” तिला काय सांगू?’

उत्तर :

पोरी, आधी तीन महिन्यांचा हिशोब करू, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

खडकाळ किनाऱ्यावर काम होतं ते पाणी मागे सरकल्यावर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून कालची वेळ आज जवळपास ५० मिनिटांनी पुढे जाते. पण प्रत्येक ओहोटीला पाणी सारखं मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं आणि खालचा खडक उघडाच पडत नाही.

वेळेसाठी कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी घे. ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा घे. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज बसतो. यातली गोम अशी की या किनाऱ्यावर भर दुपारी, न्याहारी-जेवण आटोपून निवांत जाता येईल अशा वेळी येणारी ओहोटी नेहमी भांगाची असते. नवखा विद्यार्थी पहिले पंधरा दिवस दुपारी बाराला खडकावर जातो, अर्धा किनारा पाण्याखालीच बघतो आणि ‘इथे फारसं काही नाही’ असं वहीत लिहून येतो.

आता कॅलेंडर समोर घे. डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. पौर्णिमेची पहाटे पाचची ओहोटी अंधारात जाते. उजेडात मिळतात त्या त्रयोदशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा या दिवसांतल्या संध्याकाळच्या, आणि द्वितीया ते चतुर्थी या दिवसांतल्या सकाळच्या, सात ते नऊच्या दरम्यानच्या. पंधरवड्याला पाच-सहा. तीन महिन्यांत सहा पंधरवडे, म्हणजे तीस-पस्तीस ओहोट्या. त्यातून एखादा तापाचा आठवडा, एखादी लाटांची सूचना आणि मार्गदर्शकांची बैठक वजा कर. तुझ्या हातात तीन महिने नाहीत, जेमतेम तीस ओहोट्या आहेत आणि प्रत्येकीत दोन-अडीच तास. या तीस वेळा आजच कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेव. प्रकल्पाचा आराखडा त्या खुणांवर बसव, महिन्यांवर नको.

हा हिशोब लावला की तुझ्या विषयाची अडचण आपोआप दिसते. ‘खडकाळ किनाऱ्यावरील जैवविविधता’ हा तीस ओहोटींचा विषय नाही. त्यात शैवालं आली, बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे कवचाचे जीव) आले, स्पंज, कृमी, खेकडे, गोगलगायी, सगळंच आलं. आणि त्यातल्या निम्म्या प्राण्यांची जात ओळखायला अनुभवी माणसालाही दिवस लागतात. शेवटी नुसती नावांची यादी हातात राहते, तीही अर्धी चुकलेली. विषय कापून लहान कर. एक प्राणी किंवा एकाच कुळातले दोन-तीन प्राणी घे, एकच प्रश्न विचार आणि दोन जागांची तुलना कर.

कामाला येईल असा प्रश्न सुचवतो : नेरिटा जातीच्या गोगलगायी किनाऱ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात किती सापडतात, आणि जिथे माणसांची वर्दळ आहे त्या खडकावर व जिथे नाही त्या खडकावर हे प्रमाण बदलतं का? नेरिटा ठळक असते, गोलसर आणि जाड कवचाची, हाताला सहज येते, मोजून जागच्या जागी परत ठेवता येते. मारावी लागत नाही.

हे पट्टे काय असतात ते समजायला तुला पुस्तक लागणार नाही. तुझ्या मालगुजारी तलावाची पाळ आठव. कार्तिकापासून जेठापर्यंत पाणी उतरत जातं आणि काठावर एकामागून एक पट्टे उघडे पडतात : वर कोरडं गवत, मग ओलसर चिखलातल्या वनस्पती, मग शिंपल्या-गोगलगायींचा गाळ, त्यापुढे पाणी. कोण किती दिवस कोरड्यात तग धरतं यावर कुणाची जागा कुठे ते ठरतं. समुद्राच्या खडकावर हेच चढउतार वर्षातून एकदा न होता दिवसातून दोनदा होतात. वरच्या पट्ट्यात उन्हात तापून तासन्‌तास मिटून बसणारे, खालच्या पट्ट्यात पाणी सुटलेलं न सोसणारे. मधे बार्नॅकलचा पांढुरका खरखरीत थर, कालवांच्या धारदार कडा आणि शिनाण्यांचे, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचे घोस. ज्या मुली लहानपणापासून समुद्र पाहत आल्या त्यांनी तो बहुधा वाळूवरून पाहिलेला असतो. पाण्याच्या उतारावर नजर ठेवण्याची सवय तुझ्या घरात आहे. मागे पडण्याचं कारण नाही.

आता मोजणी. पाव चौरस मीटरची चौकट लागेल, म्हणजे आतून ५० सेंमी बाय ५० सेंमी. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सोल्यूशन न लावता जोड, आतून टेपने मोज, एल्बोमुळे माप वाढतं तेवढे तुकडे घासून कमी कर. बाहेरून ५० धरलं तर आतलं क्षेत्र कमी भरतं आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. ही चूक फार होते. मग प्रत्येक बाजूला दर १० सेंमीवर भोक पाड आणि नायलॉनची दोरी आडवी-उभी ओढ. पंचवीस घरं होतात, प्रत्येक घर चार टक्के. शैवाल किंवा बार्नॅकल असं एकेक मोजता न येणारं जे असेल, त्याची व्याप्ती घरं मोजून निघते. भोकांतून पाणी आत शिरतं, म्हणून डबक्यात चौकट तरंगत नाही. एल्बो चिकटवू नको, दोरी सोडली की चौकट उकलून पिशवीत जाईल.

निघायच्या आधी ही चौकट घरच्या तलावाच्या दगडी पाळीवर टाकून बघ. तिथल्या गोगलगायी मोज, दहा मिनिटांनी त्याच चौकटीत पुन्हा मोज. दोन्ही आकड्यांत दहात एकापेक्षा जास्त फरक येत असेल तर नजर अजून बसलेली नाही. हा सराव समुद्रावर करायला बसलीस तर एक अख्खं उधाण त्यात जाईल.

खडकावर चौकट फेकू नको. फेकताना हात नकळत जिथे प्राणी जास्त दिसतात तिकडे वळतो. प्रत्येक पट्ट्यात किनाऱ्याला समांतर २० मीटरचा टेप अंथर, ० ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घरूनच करून ने, पाच उचल आणि त्या त्या मीटरवर चौकट ठेव. तीन पट्टे, प्रत्येकी पाच चौकटी, म्हणजे एका खडकावर पंधरा. एका चौकटीला सात-आठ मिनिटं धर. पंधरा चौकटी दोन तासांत होतात. दोन खडकांना दोन ओहोट्या. पहिलं उधाण निव्वळ जागा बघण्याचं आणि हात बसवण्याचं. ते आकडे प्रबंधात घेऊ नको. उरलेल्या पाच पंधरवड्यांत दीडशे चौकटी होतात. तुझ्या पातळीच्या कामाला त्या पुरतात. आकडे कोणत्या कसोटीला लावायचे ते संख्याशास्त्राच्या सरांना निघण्यापूर्वी विचार, परत आल्यावर नको. तेव्हा मोजणीची पद्धत बदलता येत नाही.

पट्टे ठरवताना डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नको. पाणीपातळीपासूनची उंची मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन जा, दहा मीटर पुरे. नळीत पाणी भर, बुडबुडे काढ, एक टोक ठळक ओहोटीच्या क्षणी पाण्याच्या काठाशी उभ्या काठीला धर, दुसरं वरच्या चौकटीजवळ. दोन्हीकडे पाणी एका पातळीत येतं, फरक टेपने मोज. दोनशे रुपयांच्या आतबाहेर होणारं हे काम महागड्या यंत्राच्या तोडीचं आहे, आणि ‘मधला पट्टा’ म्हणजे नेमकं काय हे परीक्षकांनी विचारलं तर तुझ्याकडे सेंटिमीटरमध्ये उत्तर असेल.

नेरिटाची एक खोड ध्यानात ठेव. ऊन तापलं आणि खडक वाळला की ती भेगांत शिरते. ओलसर सकाळी त्याच खडकावर उघड्यावर दिसते. म्हणून एका खडकाची मोजणी सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी असं केलंस, तर फरक वर्दळीचा की उन्हाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळी मोजणी द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळच्या ओहोटीलाच कर. पंधरवड्याला तीन सकाळी मिळतात, दोन खडकांना दोन आणि एक राखीव. संध्याकाळच्या ओहोट्या ओळख पटवायला, फोटोंना आणि पाण्याच्या नमुन्यांना वापर. भेगांत बघायचं की नाही हेही पहिल्याच दिवशी ठरव आणि शेवटपर्यंत बदलू नको. उलटवलेला दगड होता तसा पालथा घालून ठेव. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात अर्ध्या तासात मरतात.

वेळेसाठी ठोकताळ्यावर थांबू नको. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक केंद्रावर असतं. त्यात वेळ आणि मीटरमध्ये पातळी, दोन्ही दिलेलं असतं. सकाळची आणि संध्याकाळची ओहोटी सारखी खोल नसते ते तिथेच कळतं. कोष्टक जवळच्या बंदराचं घे. मुंबईचं कोष्टक रत्नागिरीला लावू नको : भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे रत्नागिरीत पाणी मुंबईच्या आधी फिरतं आणि चढउतारही मुंबईपेक्षा कमी असतो. मोबाइलमधलं ॲप आपोआप मुंबई दाखवत असेल तर तू खडकावर पोचेपर्यंत पाणी परतीला लागलेलं असेल. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सागरी अंदाज रोज बघ. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या उंच लाटा किनाऱ्यावर येतात, आणि त्याची सूचना तिथे मिळते.

आता जिवाची काळजी. यात घाई करणार नाही.

ओहोटीच्या वेळेआधी दोन तास खडकावर पोच, उतरत्या पाण्यामागे वरून खाली काम करत जा, सगळ्यात खालच्या पट्ट्यात ओहोटीच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास एवढंच थांब. मग वर. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. समजा ओहोटी ते भरती २.४ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात त्याचा बारावा भाग, म्हणजे २० सेंमी चढतं. दुसऱ्यात ४०. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ६० सेंमी. पहिल्या तासात ‘अजून कुठे चढलंय’ असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. त्यातून पाणी आधी समोरून येत नाही. तू उभी आहेस तो खडक आणि किनारा यांच्यामधली घळ आधी भरते. जाताना घोटाभर असलेली घळ येताना कमरेला लागते आणि तिच्यात ओढ असते. म्हणून कोणत्याही खडकावर चढण्यापूर्वी मागे वळून परतीची वाट बघ आणि तिच्यातली सगळ्यात खोल जागा कोणती ते ठरव. तिथे पाणी गुडघ्याखाली आहे तोवरच परत फिर, शेवटची चौकट राहिली तरी. ती चौकट पुढच्या उधाणाला होते.

समुद्राकडे पाठ करून बसू नको. एकटी जाऊ नको. तलावात पोहता येतं हे चांगलं, पण तलावाचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. वाळूच्या किनाऱ्यावर लाटांचं परतीचं पाणी एका पट्ट्यातून जोरात समुद्राकडे जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडून दम घालवायचा नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं, मग किनाऱ्याकडे यायचं. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय टाकू नको, सोबतचे हसले तरी.

पायात चपला नकोत, गमबूटही नकोत; गमबूट पाण्याने भरले की पाय उचलत नाहीत. रबरी तळव्याचे, नाडीचे कॅनव्हासचे बूट सगळ्यात बरे. हिरवं शैवाल लागलेला खडक तेलकट असतो, काळ्या कोरड्या खडकावरून चाल. कालवांची कड पात्यासारखी कापते आणि जखम खाऱ्या पाण्याने चिघळते. जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धू. निघण्यापूर्वी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताची लस घेऊन ठेव.

काही प्राण्यांना हातच लावायचा नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर त्याला विषारी दाभण असते. उचलून खिशात तर मुळीच घालू नको. जाळ्यात आलेला चपट्या शेपटीचा साप मेलेला वाटला तरी दूर राहा, समुद्रसर्पाचं विष जहाल असतं. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा उथळ वाळूत पायाला लागतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४० ते ४५ अंश, पाय तास-दीड तास बुडवून ठेवायचा आणि दवाखान्यात जायचं. उष्णतेने वेदना उतरते. जेलीफिश लागलं तर वाळूने किंवा फडक्याने घासू नको, गोडं पाणीही ओतू नको. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढ.

नमुने गोळा करण्याबद्दल. प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्र काकडी यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणं हाही गुन्हा होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिकडे फिरायला गेलीस तरी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. केंद्राची परवानगी कोणत्या किनाऱ्यासाठी आणि कशासाठी आहे त्याची प्रत पहिल्याच दिवशी मागून घे आणि जवळ बाळग. अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं याच महिन्यांत कोकणात दिसतात. रात्री वाळूवर बॅटरी फिरवू नको.

जे नमुने खरोखर ठेवायचे त्यांच्यासाठी दोन द्रावणं समजून घे, कारण इथे दरवर्षी घोळ होतो. बाटलीतलं फॉर्मलिन म्हणजेच ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, हे झालं १० टक्के फॉर्मलिन, पण त्यात फॉर्मल्डिहाइड फक्त चार टक्के. कुणी ‘चार टक्के’ म्हटलं की कशाचे ते विचार. दुसरी गोष्ट, फॉर्मलिन आम्लधर्मी होत जातं आणि कवच खातं. चकचकीत गोगलगाय दोन महिन्यांनी खडूसारखी भुरभुरीत निघते. मूळ फॉर्मलिनच्या ९८ मिली ला २ ग्रॅम बोरॅक्स घातला की हे टळतं. तरी गोगलगायी आणि खेकडे ७० टक्के अल्कोहोलमध्येच ठेव. केंद्रात ९५ टक्क्यांचं अल्कोहोल असेल तर त्याचे ७० मिली घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ९५ मिली पर्यंत भर, ७० टक्के झालं. फॉर्मलिन हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. त्याची वाफ कर्करोगकारक आहे.

समुद्रफूल (सी ॲनिमोन) थेट फॉर्मलिनमध्ये टाकलंस तर क्षणात मिटून गोळा होतं, शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीची बोटांसारखी टोकं, आत जातात आणि नमुना वाया जातो. आधी त्याला गुंगी द्यावी लागते. मॅग्नेशियम क्लोराइड, सहा पाण्याचं (हेक्झाहायड्रेट), ७५ ग्रॅम एक लिटर गोड्या पाण्यात विरघळव आणि ते समुद्राच्या पाण्यात निम्मंनिम्म मिसळ. समुद्रफूल बशीत ठेव, पूर्ण उमलू दे, मग हे द्रावण हळूहळू घाल. काडीने शुंडकाला स्पर्श केला तरी ते आखडत नाही इतकं शिथिल झालं की मगच फॉर्मलिन.

चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची, जाड कागदावर, शिसपेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दमट हवेत गळून पडते. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, पट्टा, चौकट क्रमांक आणि द्रावण लिही. नाव नंतर कळलं तरी चालतं, जागा नंतर कळत नाही. त्याच कारणाने किनाऱ्यावरच्या नोंदीही शिसपेन्सिलनेच, आणि त्याच संध्याकाळी पक्क्या वहीत उतरवायच्या.

पाण्याच्या कामाचं थोडक्यात सांगतो. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजताना आधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळव. अरबी समुद्राचं पाणी दर हजारी ३५-३६ भरतं, खाडीच्या तोंडाशी त्याहून कमी. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी विंकलरची पद्धत तू महाविद्यालयात केली असशील. बाटली पाण्याखालीच बंद कर, एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तिथेच, किनाऱ्यावर घाल. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची जाळी ओढायची संधी मिळाली तर सकाळीच जा, दुपारनंतर वारा वाढतो. जाळी धुताना पाणी बाहेरून मार. आतून ओतलंस तर त्या पाण्यातले प्लवकही तुझ्या नमुन्यात येतात.

मिरकरवाड्यासारख्या बंदरावर सकाळी मासळी उतरते तिथे आठवड्यातून एकदा जा. टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या ढिगात अभ्यासाला हवे ते बरेच प्राणी असतात. पण ते कुठून, किती खोलीवरून आले ते कळत नाही, म्हणून ओळख पटवायला घे, मोजणीत धरू नको. मासळी विकणाऱ्या मावशींची आणि होडीचे प्रमुख असलेल्या तांडेलकाकांची वेळ लिलाव संपल्यावर घे. आपल्याकडचे झिंगे तिकडे कोळंबी आहेत आणि फेकजाळ्याला तिकडे पाग म्हणतात. बाबांचं जाळं कसं विणतात, गाळा (जाळ्याचं एकेक घर) किती ठेवतात हे त्यांना सांग. जाळ्याची भाषा कळणाऱ्या पोरीशी ती माणसं मोकळेपणाने बोलतात. प्रत्येक स्थानिक नाव त्यांच्या उच्चारात, गावाच्या नावासह लिहून ठेव.

सामान कमी ने. जाड स्वेटर घरीच ठेव, तिकडे आपल्यासारखी थंडी नसते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, डोक्याला बांधायची बॅटरी, स्टीलचा चिमटा, भिंग, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. खडकावरून आल्यावर चिमटा, टेप, बूट, सगळं गोड्या पाण्याने धुऊन पूस, नाहीतर एका रात्रीत गंज धरतो. होडी लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी घे. उपाशीपोटी जाऊ नको. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरअखेर कोकणाच्या गाड्या भरलेल्या असतात. परतीचंही वेळेत कर. परत येताना अल्कोहोल-फॉर्मलिनच्या बरण्या रेल्वेत नेता येत नाहीत. नमुने केंद्राच्या संग्रहात नोंदवून ठेव आणि क्रमांक घेऊन ये.

पहिला-दुसरा दिवस मोकळा असेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघून घे. जिवंत रंग आणि बरणीतला रंग किती वेगळा असतो ते तिथे एका फेरीत कळतं.

आणि माय. ती म्हणते ते खोटं नाही. बोडीत मासोळ्या आहेतच. तिला सांग की हीच चौकट, हीच जाळी आणि ऑक्सिजन मोजायची हीच रीत तुझ्या तलावालाही लागू पडते. पाणी हिरवं होऊन उन्हाळ्यात मासे का तरंगतात हे मोजून बघायला ती कामाला येईल. पण तिला खरी काळजी आहे ती तू पाण्याजवळ कधी असशील आणि कधी नसशील याची. म्हणून लाल खुणा केलेलं कॅलेंडर तू घेऊन जाऊ नको, ते स्वयंपाकघरात तिच्यासमोर टांगून ठेव, तू दुसरं कर. प्रत्येक खुणेखाली ओहोटीची वेळ लिही आणि त्याच्या दोन तास पुढची, म्हणजे तू वर येऊन फोन करायची वेळही लिही. तिथी ती रोज बघतेच. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला लावायचा तो केंद्रातल्या माणसाचा नंबर त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून दे.